प्रतिवेदकाची पाळी

१

रिकामी खोली आणि माणूस बसलेली खोली वेगवेगळ्या वाजतात. घर सोडताना सामान निघालं की शेवटच्या दिवशी आपलाच आवाज परका लागतो ना, तेवढंच ते शास्त्र. बाकी सगळं गणित. माझी आठ वर्षं त्या गणितात गेली आणि मी त्यात कच्ची नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक पहिली शंका माझ्या मोजमापावर घेतात. आणि टाइप करायला मला वेळ लागतो, एकाच हातानं करतेय. त्याचं कारण येईलच.

मी धम्मदीपा रामटेके. २००६ साली बर्लिनमधल्या एका ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. आमच्याकडे एका फिरत्या प्रदर्शनाचं काम आलं होतं: युरोपातल्या जुन्या संसदा कशा ऐकू येत असतील. चार सभागृहांची लाकडी मॉडेल्स करायची, खऱ्याच्या विसावा भाग. वक्त्याच्या जागी विजेची बारीक ठिणगी पाडायची, तिचा 'टिक' सभागृहात फिरून येतो तो इवल्या मायक्रोफोननं पकडायचा, आणि वीसपट सावकाश करून ऐकायचा. मग तो टिक राहत नाही, मोठ्या दालनातली टाळी होतो.

काय सभागृहं होती ती. लंडनचं, समोरासमोर बाकांचं. भांडा, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघून भांडा, असं बजावणारं. व्हिएन्नाचं, ग्रीक खांबांचं, दिसायला देखणं आणि ऐकायला कुप्रसिद्ध. बुडापेस्टचं, ज्याच्या बाहेर सिगार ठेवायला क्रमांक घातलेल्या पितळी खाचा आहेत. आत भाषण रंगलं की बाहेर सभासदाची सिगार जळून राख व्हायची, आणि भाषण किती चांगलं झालं ते त्या राखेवरून ठरायचं म्हणे. आणि चौथं बर्लिनचं. आजचं काचेच्या घुमटाखालचं नाही, जुनं. १८९४ साली उघडलेलं, लाकडानं मढवलेलं, १९३३ च्या फेब्रुवारीत जळालेलं. ते आता जुन्या नकाशांत होतं, फोटोंत होतं, आणि आमच्या टेबलावर होतं, दीड मीटर लांब. आमचे मॉडेल-सुतार हेर लेमान यांनी त्यातली एकेक खुर्ची चिमट्यानं बसवली होती. पहिल्यांदा आत वाकून पाहिलं तेव्हा मी नकळत आवाज खाली आणला होता.

संसदेचं वेड मला घरातून आलं. माझे वडील यादवराव विधानसभेत प्रतिवेदक होते. अध्यक्षांच्या पुढ्यात, खालच्या टेबलाशी बसून, सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द लघुलिपीत टिपणारा माणूस म्हणजे प्रतिवेदक. इतरांच्या घरी रात्री गोष्टी सांगत, आमच्याकडे कामकाज सांगत. कोण काय म्हणालं, कोण खाली बसलं, अध्यक्षांनी काय काढून टाकलं, सगळं आवाजांसकट. आई म्हणायची, "अहो, पोरीला झोपू द्या, सभागृह तहकूब करा."

आई गेली आणि बाबा बोलायचे थांबले. कान आधीच अधू झाला होता, तो आणखी गेला. माझा भाऊ उज्ज्वल कल्याणहून फोनवर म्हणाला, "ताई, दिवसभर खिडकीशी बसतात. काही विचारलं तर हं म्हणतात, तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर." मी तीन महिन्यांचा व्हिसा काढायला लावला आणि सप्टेंबरचं तिकीट पाठवलं. मला माझा बोलका बाप परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

२

रोज सकाळी नऊला मी पहिलं काम करायची ते रिकामं माप घेण्याचं. सभागृहात श्रोत्यांच्या जागी बसवायची एकही बाहुली नाही, सगळ्या खुर्च्या मोकळ्या, एक ठिणगी, एक नोंद. कालचं आणि आजचं सारखं आलं की यंत्रं ठीक आहेत असं समजायचं आणि कॉफी घ्यायची.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी बर्लिनच्या मापात एक पडसाद नव्हता.

वक्त्याचा आवाज समोरच्या प्रतिवेदकांच्या टेबलावर आपटतो आणि पहिल्या बाकाकडे जातो. आलेखात तिथं एक लहानसं टोक दिसायला हवं. ते गेलं होतं. आवाजाच्या वाटेत काहीतरी आल्याशिवाय ते जात नाही. मी आत टॉर्च मारली. टेबल स्वच्छ, खुर्ची रिकामी, धुळीचा कण नाही. मायक्रोफोन बदलला, केबल बदलली, ठिणगीची सुई बदलली. टेबल काढून पाहिलं तर सभागृह हिशेबाप्रमाणे वाजलं. टेबल परत ठेवलं की त्याच्या मागे काहीतरी बसत होतं. आकारही निघत होता, सहा सेंटिमीटर. विसावा भाग म्हटल्यावर बसलेला माणूस तेवढाच होतो.

"हे लाकूड कुठलं?" मी हेर लेमानना विचारलं. जळालेल्या त्या जुन्या दालनातलं तर नाही ना, ही शंका तुमच्याही मनात आलीच असेल.

"बाउमार्क्टमधलं, बांधकाम-सामानाच्या दुकानातलं," ते म्हणाले. "नवं. पावती दाखवू?" मग आलेख बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आल्झो, फ्राऊ रामटेके, मला विचाराल तर कुणीतरी बसलंय."

दोघंही हसलो. तिसऱ्या दिवशीही तेच आलं तेव्हा मी जे केलं ते माझ्या धंद्यातला कुणीही करेल. त्या फरकाला 'टेबलदोष' असं नाव दिलं आणि प्रत्येक मापातून तो वजा करत राहिले. नाव दिलं की गोष्ट आपल्या ताब्यात येते असं आम्हा शिकलेल्या लोकांना वाटतं.

मॉडेल जळून गेलेल्या दालनाचं होतं हे मला ठाऊक होतं. आग लागली तेव्हा आत बैठक चालू नव्हती, हेही मी पुस्तकांत तपासून घेतलं. कामकाज नव्हतं म्हणजे प्रतिवेदक नव्हता. एवढ्यावर मी विषय बंद केला.

३

बाबा आले ते आईनं विणलेला तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर घालून. त्या स्वेटरच्या पाठीवर एक ओळ उलटी विणली गेली होती. आईच्या ती लक्षात आली तेव्हा स्वेटर पुरा झाला होता, आणि बाबा म्हणाले होते, राहू दे, पाठ मला कुठं दिसते.

माझं घर बर्लिनच्या वेडिंग भागात, जुन्या इमारतीत. उंच छत, लाकडी जमीन, पडदे नाहीत. बाबांना आत घेतल्यावर मी सवयीनं टाळी वाजवली. एरवी ते घर टाळी वाजवली की भांड्यासारखं घुमतं. आता बाबा होते, त्यांचा कोट होता, लोणच्याच्या बरण्या होत्या. खोली छान भरली होती.

"टाळी कशाला?" बाबांनी विचारलं.

"तुमचं स्वागत, बाबा."

"हं," ते म्हणाले. पुढचे दहा दिवस मला त्या 'हं'पलीकडे फारसं काही मिळालं नाही. जेवायचे, फिरायला यायचे, खिडकीशी बसायचे. मी रोज काही ना काही विचारायची आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पोळी गार व्हायची.

४

शेवटी हुकमी एक्का काढला. आजच्या संसदेची आन्मेल्डुंग, म्हणजे आगाऊ नोंदणी, करून ठेवली होती; प्रेक्षकांच्या सज्जात तासभर बसता येतं. सकाळी आम्ही रांगेत उभे राहिलो. बाबांनी मान वर करून दर्शनी भागावरची अक्षरं बघितली. मी अर्थ सांगितला, जर्मन जनतेसाठी. इमारत झाल्यावर ही अक्षरं बसायला वीसेक वर्षं गेली, आणि बसली ती जुन्या तोफा वितळवून, हेही सांगितलं.

"तोफांची अक्षरं केली?" बाबा म्हणाले. "बरं केलं." सबंध वाक्य. मी काही दाखवलं नाही, पण आतून आनंदाची उकळी फुटली.

आत भिंतींवर १९४५ साली रशियन सैनिकांनी कोळशानं लिहिलेली नावं अजून आहेत, मुद्दाम ठेवलेली. बाबा त्यांच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. "जिंकलेल्यांनी आपल्या घराच्या भिंतीवर लिहिलेलं पुसायचं नाही, याला छाती लागते," ते म्हणाले. मग सज्जात बसलो. खाली निळ्या खुर्च्यांचं वर्तुळ, वर काचेचा घुमट, आणि त्या घुमटात गोल फिरत चढणारे लोक.

"म्हणजे सभासदांनी मान वर केली की त्यांना लोकांच्या बुटांचे तळवे दिसणार," बाबा म्हणाले. "वा. ज्यानं हे बांधलं त्याला लोकशाही कळली होती."

आणि मग त्यांना ते टेबल दिसलं. व्यासपीठापुढे दोन प्रतिवेदक बसले होते. एक बाई चालत आल्या, शेजारी टेकल्या, लिहू लागल्या, आणि त्यानंतरच तिथला माणूस उठून गेला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"बघितलंस? आधी बसायचं, मग दुसऱ्यानं उठायचं. जगात कुठंही जा, नियम एकच. आमच्याकडे दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या. बदली आल्याशिवाय उठायचं नाही, मग छत कोसळो. एकदा वानखेडेला ताप होता एकशे तीन, त्याची बदली लिफ्टमध्ये अडकली. पाऊण तास लिहीत राहिला. एक शब्द सुटला नाही."

"आणि बदली आली हे कळायचं कसं? मान तर खाली."

"पेन्सिल टेबलावर दोनदा टेकवायची. टक टक. बोलायचं नाही, बोललो तर तेही नोंदीत जाईल." ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांचं हसू पाहिलं नव्हतं. "सभागृहात बोललेला शब्द हवेत जात नाही, दीपा, कारण खाली कुणीतरी बसलेलं असतं."

परतताना यू-बानच्या, भुयारी रेल्वेच्या, डब्यात ते अखंड बोलत होते. कान अधू म्हणून मोठ्यानं. लोक वळून बघत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी त्यांना आवाज कमी करायला सांगितलं नाही.

५

दुसऱ्याच दिवशी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. कुणीही नेलं असतं.

दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं. बाबांनी चारही सभागृहांना प्रदक्षिणा घातली. बर्लिनच्या जुन्या दालनाचं छत मी उचललं तेव्हा ते नुसतेच बघत राहिले. लेमाननी त्यांना खुर्ची दिली. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, आवाज वाढवला आणि रिकाम्या सभागृहाची टाळी ऐकवली.

"सुरेख," ते म्हणाले. "पुन्हा लाव."

पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. त्यांची मान कलली, कामावर असताना कलत असेल तशी.

"टेबलाशी कोण आहे?"

मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. टेबलदोषाचा ट सुद्धा नाही. लेमानना मराठी येत नाही, तरी माझा चेहरा बघून त्यांनी हातातली फाईल खाली ठेवली.

"कुणी नाही, बाबा. ते यंत्रातलं आहे काहीतरी."

"तीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलोय. तिथं माणूस असला की सभागृह कसं लागतं ते मला सांगू नकोस." ते वाकून आत बघत होते. "किती वेळ झाला त्याला?"

"बाबा."

"बदली आलेली नाही त्याची. बिचारा."

मी हसले. त्या हसण्याची मला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. बाबा बोलत होते, चिडवत होते, डोळ्यांत चमक होती. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात पेन्सिल असायचीच, आणि हात आत घालून त्या काडेपेटीएवढ्या टेबलावर दोनदा टेकवली. एका प्रतिवेदकाचं दुसऱ्याशी सौजन्य. मी त्यांना अडवलं नाही.

गंमत म्हणून मी लगेच माप घेतलं. पडसाद परत आला होता. लहानसं टोक, जिथं असायला हवं तिथं. चार आठवडे जे वजा करत आले होते, ते आता वजा करायला उरलंच नव्हतं.

"गेला ना?" बाबांनी विचारलं.

"गेला," मी म्हणाले. लेमान खिडकी उघडायला गेले आणि तिथंच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुन्हा टोक नव्हतं. मी आकार काढला. आदल्यापेक्षा थोडं बुटकं येत होतं, तीन मिलिमीटरनं. विसानं गुणा. बाबा उंचीला बेताचेच.

६

त्या संध्याकाळी घरी आले तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि त्यांचा उजवा हात टेबलक्लॉथवर चालत होता. बोटांत पेन्सिल नव्हती, पण धरल्यासारखी बोटं जुळलेली. ओळ संपली की हात मागे यायचा.

"काय लिहिताय?"

"चालू आहे अजून," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, स्वभावही. चहा दिला तर डाव्या हातानं घेतला आणि दोन घोटांनंतर विसरले.

मी दार लावलं. त्याचा आवाज चारी भिंतींना लागून परत आला. लाकडी जमीन, उंच छत, पडदे नाहीत. मी तिथंच थांबले आणि टाळी वाजवली. खोली भांड्यासारखी घुमली. बाबा माझ्यापासून दोन हातांवर बसले होते.

वजन कमी झालं असेल, मी मनाशी म्हटलं. कोट बाहेर टांगलाय, बरण्या फ्रिजमध्ये गेल्यात. माणसाची बुद्धी अशा वेळी फार कामसू होते. मी खोलीचं माप घ्यायचं ठरवलं. आमच्यात फुगा फोडून मोजतात, साधी पद्धत आहे. बाबांना टेबलाशी बसवून एक फुगा फोडला. मग त्यांना जिन्यात नेऊन उभं केलं, दार लावलं आणि दुसरा फोडला. पहिल्या फुग्याला ते दचकलेही नव्हते.

दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. बाबा असताना आणि नसताना, एकच रेघ दिसत होती.

डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब चांगला, छाती साफ, हाताला वयोमानाचा कंप. स्टेथोस्कोप लावल्यावर त्यांनी कानातली नळी काढून पुन्हा बसवली, आणि मग औषध लिहून दिलं. बाबा खात नव्हते, कारण हात मोकळा नव्हता. झोपेतही पांघरुणावर बोटं चालत. पंधरा दिवसांत मनगटाचं हाड वर आलं.

एकदा मी त्यांच्या बोटांत खरी पेन्सिल दिली आणि खाली वही सरकवली. लघुलिपी मला येत नाही. लहानपणी त्यांनी मला फक्त खुणा शिकवल्या होत्या, कंसात टाकायच्या. टाळ्या, हशा, गोंधळ, सभात्याग. तेवढ्या मी वाचू शकते. वही भरली तशी मी त्या शोधत गेले. पहिल्या पानांवर टाळ्या होत्या, एक-दोनदा हशा. मग गोंधळ, मग गोंधळ, मग सभात्याग. पुढं पानंच्या पानं एकच खूण होती आणि ती मला त्यांनी कधी शिकवली नव्हती.

"ही काय आहे, बाबा?"

त्यांनी बघितलं नाही. "ती विधानसभेत लागली नाही कधी," ते म्हणाले. "म्हणून शिकवली नाही."

७

प्रदर्शन नोव्हेंबरात उघडणार होतं. ऑक्टोबरच्या एका सकाळी हेर लेमान मॉडेल्सच्या पेट्या घेऊन आले. बर्लिनची पेटी सगळ्यात शेवटी करू, मी म्हणाले. ते बाहेर गेले, दार अलगद लावून.

सभागृहाच्या मागच्या दारातून आत बघायला एक बारीक दुर्बीण असते, मॉडेलमध्ये उभं राहिल्यासारखं दिसावं म्हणून. मी ती महिनाभर वापरली नव्हती. का वापरली नव्हती ते मला माहीत होतं.

डोळा लावला. वरच्या काचेतून दिव्याचा उजेड उतरत होता, ओळीनं खुर्च्या, कोरलेलं लाकूड. लेमानच्या हातांना मुजराच करावा. एवढं सुंदर दालन माणसांनी बांधलं, बोलण्यासाठी, एकमेकांचं ऐकून घेण्यासाठी. मी ते आधी बघून घेतलं, पुढं बघायचं टाळत. मग दुर्बीण टेबलाकडे वळवली.

पाठ दिसली. तपकिरी. वाकलेली. पाठीवर एक ओळ उलटी विणलेली होती.

मी डोळा काढला आणि छत उचलून टॉर्च मारली. टेबल स्वच्छ होतं आणि खुर्ची रिकामी.

८

त्या दुपारी मी बाबांना विचारलं. ते खिडकीशी होते, हात मांडीवर चालू होता.

"बाबा, तुमची बदली कुणी करायची?"

"येईल कुणी."

"त्याची कुणी आली नव्हती. तुम्ही गेलात म्हणून तो उठला."

ते थोडा वेळ लिहीत राहिले. "दीपा, ते काम वाईट नाही," ते म्हणाले. "कुणीतरी ऐकून ठेवायला हवं, एवढंच आहे ते. पण तू नको. तुला लघुलिपी येत नाही."

"खुणा येतात."

"नुसत्या खुणांवर पाळी निघत नाही."

"तुम्हीच म्हणायचात की घाईत खुणा चुकल्या नाहीत तर बाकीचं सावरता येतं."

"मी म्हटलं असेल. तरी तू नको." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. डोळे पुसायला उजवा हात वर आला नाही. मग मीच पुसले.

माझा बाप समोर बसलेला असूनही ते घर रिकामं वाजत होतं. मी त्यांना इथं बोलावलं होतं, मी त्यांना ते टेबल दाखवलं होतं, आणि ते पेन्सिल टेकवत असताना मी हसले होते. मी खूप विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्यांच्या खिशातली पेन्सिल घेतली, कोट चढवला आणि बस पकडून प्रयोगशाळेत गेले. चार वाजले होते. लेमान खिळे मोजत होते. मी छत उचललं, हात आत घातला आणि टेबलावर पेन्सिल दोनदा टेकवली.

काहीही झालं नाही. ऊन तसंच होतं. लेमाननी विचारलं, "फेर्टिश?" झालं का? मी म्हणाले, "हो." त्यांनी पेटीचं झाकण बसवलं.

घरी आले तेव्हा बाबा दोन्ही हातांनी पोळी तोडत होते. "दीपा, या घरात इतकी थंडी कशी?" ते म्हणाले. "आणि लोणचं कुठं ठेवलंस? दहा दिवस शोधतोय." मी त्यांच्यासमोर बसून रडले. ते घाबरले, मग त्यांना वाटलं मला आईची आठवण आली, मग त्यांनी मला आईच्याच गोष्टी सांगितल्या, रात्री बारापर्यंत, सगळ्या आवाजांसकट. मला हवे होते तेच बाबा होते. मी ऐकत होते आणि टेबलाखाली माझा उजवा हात मांडीवर चालू होता.

९

बाबा डिसेंबरात कल्याणला परतले. प्रदर्शन पाच शहरांत फिरलं, गाजलं, आणि मॉडेल्स आता कुठल्यातरी कोठारात पेट्यांत आहेत. कुठल्या ते मी विचारलेलं नाही. नोकरी मी सोडली. जे ऐकते त्यातलं बरंचसं मला कळत नाही, पण खुणा एकही चुकत नाही. टाळ्या आल्या की बरं वाटतं. ती न शिकवलेली खूण आता मलाही येते आणि तिचा अर्थ मी कुणाला सांगणार नाही.

दर रविवारी बाबांचा फोन येतो. नवं श्रवणयंत्र बसवल्यापासून त्यांना सगळं ऐकू येतं, शेजारच्यांची भांडणंसुद्धा. ती मला कामकाजासारखी सांगतात. उज्ज्वल म्हणतो, बाबांना आता गप्प करावं लागतं.

गेल्या रविवारी ते मध्येच थांबले.

"दीपा, तू कुठून बोलतेस?"

"घरातूनच, बाबा."

"घरात कोण आहे?"

"मी आहे ना."

"तू आहेस. बोलतेस ते ऐकू येतंय." त्यांनी फोन कानाशी आणखी दाबल्याची खरखर आली. "पण खोली रिकामी वाजतेय गं."

"सामान कमी आहे, बाबा. पडदे लावायचे राहिलेत."

तीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मी हे सांगत होते. पलीकडे खुर्ची सरकली. मग टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला, आतल्या वस्तू चाळल्याचा.

"थांब, फोन ठेवू नकोस," बाबा म्हणाले. "पेन्सिल घेतो."

त्याची टक टक ऐकू यायच्या आत मी फोन ठेवला. डाव्या हातानं ठेवला, उजवा चालू होता.